स्वॅबमध्ये स्टॅफ, अंगावर इसब: सोलापुरातील एका मुलाचे प्रकरण

मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १३ किलो. घर पूर्व भागात. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई घरीच विड्या वळते, सोबत आजी. एप्रिलचा शेवटचा आठवडा, पारा ४२ अंशांवर. आईच्या पिशवीत दोन कल्चर रिपोर्ट आणि दोन्हींवर एकच नाव: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात ‘स्टॅफ’, हा जिवाणू. तिचा प्रश्नही एकच होता. एवढी औषधं झाली, मग जंतू जात का नाहीत?

(हे शिकवण्यासाठी रचलेले नमुना-प्रकरण आहे, कोणा एका मुलाची हकीकत नव्हे. यातल्या चुका मात्र त्वचारोगाच्या ओपीडीत नेहमी दिसणाऱ्या आहेत.)

पूर्वेतिहास

पाचव्या महिन्यात गाल लाल होऊन पाणी सुटू लागले. वर्षभरानंतर गाल निवले, पण कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घड्या धरल्या. वडिलांना सकाळी उठल्या उठल्या शिंका, आत्याला दमा. थंडीत कोरडेपणाने आणि उन्हाळ्यात घामाने, असा वर्षातून दोनदा त्रास वाढतो. अटोपिक डर्मटायटिसचे, म्हणजे अंगभूत इसबाचे, हे नेहमीचे चित्र आहे आणि निदानाला कोणत्याही तपासणीची गरज नाही.

गेल्या आठ महिन्यांत काय झाले ते अधिक महत्त्वाचे. पहिल्या स्वॅबनंतर सेफिक्झिम पाच दिवस. दुसऱ्यानंतर अझिथ्रोमायसिन तीन दिवस. मध्ये एकदा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. जोडीला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब. ती लावली की चार दिवसांत त्वचा स्वच्छ, थांबवली की आठवड्यात पहिल्याहून वाईट. स्टेरॉईडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये बंधन आणले, पण दुकानाच्या काउंटरवर ते फारसे दिसत नाही.

दोन औषधे तर कागद नीट वाचला असता तरी टळली असती. सेफिक्झिम स्टॅफवर मुळातच कमकुवत आहे. घशासाठी आणि लघवीच्या संसर्गासाठी ते इतके लिहिले जाते की त्वचेसाठीही हात तिकडेच जातो. आणि दुसऱ्या रिपोर्टवर एरिथ्रोमायसिनसमोर ‘रेझिस्टंट’ छापलेले होते. अझिथ्रोमायसिन त्याच घराण्यातले. त्याने काही होणार नव्हते.

तपासणी

स्कोरॅड ५२. इसबाच्या तीव्रतेचे हे मोजमाप १०३ पर्यंत जाते आणि ५० च्या वर आजार तीव्र समजतात. घड्यांतली त्वचा जाड, काळपट, नखांच्या ओरखड्यांनी भरलेली. डाव्या गुडघ्यामागे लस (चिकट पाणी) येत होती आणि त्यावर मधाच्या रंगाची खपली. गालांची त्वचा पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. हे त्या ट्यूबचे काम. ताप नाही, जांघेत एक छोटी, न दुखणारी गाठ.

अशा मुलात तीन गोष्टी आधी वगळाव्या लागतात. एक, खरूज: दाटीच्या घरांत इसबावर खरूज चढणे नेहमीचे, आणि तेव्हा स्टेरॉईडने लक्षणे झाकली जातात. बोटांच्या बेचक्या, बेंबी आणि लिंगावर गाठी नव्हत्या, घरात रात्री दुसऱ्या कोणाला खाज नव्हती. दोन, गजकर्ण: स्टेरॉईडने रूप बदललेले गजकर्ण इसबासारखे दिसते, म्हणून कडेची खपली खरवडून केओएच तपासणी केली, बुरशी नव्हती. तीन, हर्पिस विषाणूचा संसर्ग. एकसारख्या आकाराचे, पंचने पाडल्यासारखे खोल छोटे व्रण, ताप आणि एकाएकी बिघडलेले मूल दिसले तर ती आणीबाणी असते. कल्चरची वाट न पाहता त्याच दिवशी असायक्लोविर सुरू करावे लागते. इथे तसे काही नव्हते.

स्वॅब तीन जागांवरून घेतले: लस येणारा गुडघा, पाठीची चांगली दिसणारी त्वचा आणि नाक. कोरड्या जागेसाठी कापसाची काडी सलाईनने ओली करून, थोडा दाब देत फिरवून घ्यायची. कोरडी काडी नुसती टेकवली तर रिपोर्ट खोटा ‘नाही’ येतो. गुडघ्यावर आणि नाकात भरपूर वाढ, पाठीवर तुरळक. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफ, नव्हता. क्लिंडामायसिन कागदावर चालण्यासारखे होते, पण डी-टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे उपचार चालू असतानाच जंतू त्याला दाद देईनासे होण्याची शक्यता. फ्युसिडिक ॲसिड या अँटिबायोटिक मलमालाही दाद नाही; आठ महिन्यांत तीही ट्यूब तुकड्या-तुकड्याने वापरून झाली होती.

हा रिपोर्ट कसा वाचायचा

इथेच बहुतेक प्रकरणे वाट चुकतात. अटोपिक इसब असलेल्या रुग्णांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला अंदाज असा: चट्ट्यांवर सुमारे ७० टक्के रुग्णांत आणि चट्टे नसलेल्या त्वचेवरही सुमारे ३९ टक्के रुग्णांत स्टॅफ ऑरियस सापडतो. म्हणजे या मुलांत तो सापडणे हाच नियम. ‘स्टॅफ आला’ एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करायचे तर बहुतेक मुलांना बाराही महिने द्यावे लागेल. जंतूंनी त्वचेवर वस्ती करणे वेगळे आणि त्यांनी संसर्ग करणे वेगळे. पहिले लॅब सांगते. दुसरे डोळ्यांनी आणि हातांनी ठरवायचे असते: पू, पसरत जाणारी लाली, गरमपणा, दुखणे, ताप.

वस्ती होते कशामुळे, हे कळले की उपचाराचा क्रम आपोआप ठरतो. त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचे प्रथिन असते. त्याचे तुकडे होऊन जे घटक बनतात ते पाणी धरून ठेवतात आणि त्वचा किंचित आम्ल ठेवतात. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लतेचे माप) साधारण ४.५ ते ५.५. फिलॅग्रिनच्या जनुकातला दोष आणि हा इसब यांचा संबंध २००६ मध्ये दाखवला गेला. जनुक चांगले असले तरी दाह स्वतःच फिलॅग्रिन घटवतो. पीएच वर सरकला, म्हणजे आम्लता घटली, त्वचेला भेगा पडल्या की स्टॅफला चिकटायला जागा मिळते. त्यात इसबाच्या दाहातले आयएल-४ आणि आयएल-१३ हे संदेशवाहक त्वचेची स्वतःची जंतुनाशके, कॅथेलिसिडिन आणि डिफेन्सिन, तयारच होऊ देत नाहीत. दारही उघडे आणि राखणदारही झोपलेला.

मग स्टॅफ आपली भर घालतो. त्याची सुपरअँटिजेन विषे दाह भडकवतात, डेल्टा टॉक्सिन ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींना चिथावते, आणि व्ही८ नावाचे त्याचे एन्झाइम त्वचेतल्या नसांना थेट खाजेचा इशारा देते. हे शेवटचे २०२३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. खाजवले की भेग, भेग पडली की आणखी स्टॅफ. दुसरी बाजू २०१२ च्या एका अभ्यासात दिसली: उपचाराविना भडका उडतो तेव्हा त्वचेवरच्या जंतूंची विविधता घसरते आणि स्टॅफ ऑरियस वरचढ होतो, उपचाराने दाह उतरला की त्वचेवरचे बाकीचे जंतू परततात. नुसते स्टेरॉईड मलम नीट लावले तरी स्टॅफची संख्या घटते, कारण राहण्याजोगी जागाच उरत नाही. तोंडाने दिलेले अँटिबायोटिक संख्या खाली आणते, पण दार उघडेच राहते; काही आठवड्यांत वस्ती पूर्ववत.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधील ‘क्रीम’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सौम्य संसर्गाची चिन्हे दिसणाऱ्या इसबाच्या मुलांत फ्लुक्लोक्सॅसिलिन या अँटिबायोटिकच्या सिरपने किंवा फ्युसिडिक ॲसिड मलमाने ठळक फायदा दिसला नाही. सगळ्या गटांना स्टेरॉईड आणि मॉइश्चरायझर मिळतच होते. बऱ्याच आजारी, तापाने फणफणलेल्या मुलांना तो निष्कर्ष लागू नाही, पण या मुलाच्या एप्रिलमधल्या अवस्थेला लागू होता.

काय दिले, किती दिले

तोंडाने अँटिबायोटिक दिले नाही. हा निर्णय आईला पटवायला तपासणीपेक्षा जास्त वेळ लागला.

खपलीसाठी मिठाच्या पाण्याची घडी: अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करायचे, त्यात सपाट एक चमचा मीठ, स्वच्छ सुती कापड भिजवून दिवसातून दोनदा दहा मिनिटे. मऊ झालेली खपली हलकेच पुसायची, ओरबाडायची नाही. त्या एका जागेवर म्युपिरोसिन २ टक्के हे अँटिबायोटिक मलम दिवसातून तीनदा, पाच दिवस, पुढे नाही. खपलीवरून लावलेले मलम खपलीवरच राहते, म्हणून घडी आधी.

दाहासाठी अंगावर मोमेटासोन ०.१ टक्का हे स्टेरॉईड मलम, रोज रात्री एकदा, १४ दिवस. लस येणाऱ्या जागेवरही. ‘संसर्गावर स्टेरॉईड नको’ ही भीती जिवाणूंच्या बाबतीत, म्युपिरोसिन चालू असताना, चुकीची आहे. हर्पिसच्या शंकेत मात्र ती बरोबर. मात्रा बोटाने मोजली. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या (बोटांसह) दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. (ट्यूबचे तोंड अरुंद असेल तर तेवढ्या रेघेत कमी मलम येते.) या मुलाचे चट्टे आठ तळहात भरले: चार रेघा, रोज दोन ग्रॅम, १४ दिवसांत २८ ग्रॅम. आई आधी पाच ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवत होती. ‘मलम लागू पडत नाही’ अशा तक्रारीत पहिल्यांदा विचारायचे ते हेच: ट्यूब किती दिवस पुरली?

गालांवर आधीच क्लोबेटासोलचा मारा झालेला. तिथे डेसोनाईड ०.०५ टक्के हे सौम्य स्टेरॉईड पाच दिवस, नंतर टॅक्रोलिमस ०.०३ टक्के हे स्टेरॉईड नसलेले मलम दिवसातून दोनदा. टॅक्रोलिमस पहिले काही दिवस चुरचुरते. आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी लावले तर कमी. हे आधी सांगितले नाही तर ट्यूब तिसऱ्या दिवशी कपाटात जाते.

मॉइश्चरायझर आठवड्याला २५० ग्रॅम. आकडा ऐकून आई हसली. पूर्वी १०० ग्रॅमची बाटली दोन महिने चालायची. महागड्या बाटलीची गरज नाही: पांढरी पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन निम्मे-निम्मे. डबीत बोटे घालायची नाहीत, रोज उकळलेल्या चमच्याने बशीत काढून घ्यायचे. अनेक बोटांनी ढवळलेली डबी हाच जंतूंचा साठा होतो. एक धोका मात्र बजावून सांगावा लागतो: पॅराफिन मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. शेगडी, स्टोव्ह आणि विडीपासून मूल लांब.

आंघोळ, पाणी, टब

सोलापुरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि बॅरलमध्ये साठते. कमी पडले की बोअरचे, जड. जड पाण्याने साबणाचा चोथा त्वचेवर राहतो हे खरे, पण पाणी मऊ करणाऱ्या यंत्रावर पैसे घालू नयेत. ३३६ मुलांवरील ब्रिटिश चाचणीत (२०११) अशा यंत्राने इसब सुधारला नाही. त्यापेक्षा साबण बंद करून ५.५ च्या आसपास पीएच असलेला, साबण नसलेला सिंडेट बार, कोमट पाणी, पाच-दहा मिनिटे, टिपून घेणे आणि ओलसर त्वचेवर तीन मिनिटांत मॉइश्चरायझर. पाण्यात जंतुनाशक लिक्विडचे झाकण ओतायची आजीची सवय त्याच दिवशी थांबवली. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते, आणि लाल झाली की ‘जंतू वाढले’ म्हणून आणखी एक झाकण पडते. डाळीचे पीठ, उटणे, कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी हेही बंद. आजीच्या यादीतले खोबरेल तेल मात्र राहू दिले. शुद्ध खोबरेलाने स्टॅफ कमी झाल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. मोहरीचे तेल मात्र नको.

ब्लीच बाथ, म्हणजे अगदी विरळ ब्लीचच्या पाण्यात आंघोळ, आठवड्यातून दोनदा, तीन महिन्यांसाठी ठरवले. २००९ मध्ये शिकागोतील ३१ मुलांच्या चाचणीत, नाकात म्युपिरोसिनच्या जोडीने, त्याने आजाराची तीव्रता उतरली. नंतरच्या एका एकत्रित विश्लेषणात नुसत्या पाण्याच्या आंघोळीनेही जवळजवळ तेवढाच फायदा दिसला, आणि प्रयोगशाळेत इतक्या विरळ द्रावणाने स्टॅफ फारसा मरत नाही. म्हणून आमच्या मते हा उपाय ऐच्छिक आहे. करायचा तर नीट मोजून करावा, आणि मोजणे जमणार नसेल तर सोडून द्यावा.

हिशोब असा: ०.००५ टक्के द्रावण हवे. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिले असेल तर एक लिटर पाण्याला एक मि.ली. प्लास्टिक टबात बारा लिटर पाणी असेल तर बारा मि.ली., औषधाच्या मापाच्या टोपणाने. ४ टक्के असेल तर पंधरा मि.ली. सुवासिक किंवा साबण मिसळलेले ब्लीच नको. पाणी साठवताना वापरायची ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको: तिची ताकद ठाऊक नसते आणि न विरघळलेला कण त्वचा भाजतो. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने उतरते. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या बाटलीची ताकद झपाट्याने घटते. दहा मिनिटे गळ्यापर्यंत, डोके बुडवायचे नाही, वरून दोन तांबे साधे पाणी, मग लगेच मॉइश्चरायझर. उरलेल्या पाण्याने मोरी धुवायला हरकत नाही, पण तिथे ॲसिडचे क्लीनर पडलेले असेल तर विषारी वायू निघतो.

घर

घरात दोन टॉवेल होते आणि चौघे ते वापरत. टॉवेल विणणाऱ्याच्या घरी! कारखान्यातून मिळालेले सेकंडचे टॉवेल आले, प्रत्येकाला वेगळा, रोज उन्हात. रात्री अंगावर घ्यायच्या खरबरीत चादरीला आतून जुन्या सुती साडीचे अस्तर. मनगटावरचा काळा दोरा आणि कमरेचा करगोटा हे दोन्ही ओले, मळके आणि त्याखाली चट्टे. तोडा म्हटले तर घर दुखावते. ‘आजी, दर सोमवारी नवा बांधा, आंघोळीनंतर, त्वचा कोरडी झाल्यावर,’ एवढे मान्य झाले. आई सुपात तंबाखू घेऊन बसते तेव्हा मूल मांडीशी नको, आणि मलम लावण्याआधी हात साबणाने धुवायचे. तंबाखूची धूळ त्वचेला चुरचुरते.

शेंगदाण्याची चटणी, अंडे, दूध दोन महिन्यांपासून बंद होते, कोणाच्या तरी सांगण्यावरून. आधी तिन्ही खाऊन काही झालेले नव्हते. वजन मात्र अडले. इसब असलेल्या मुलाचा शेंगदाणा विनाकारण तोडला तर पुन्हा सुरू करताना खरी ॲलर्जी उद्भवू शकते, म्हणून ओपीडीत डोळ्यांसमोर कणभर देऊन हळूहळू परत सुरू केला.

पुढे काय झाले

दोन आठवड्यांनी स्कोरॅड ३१. लस तिसऱ्या दिवशीच थांबली होती. आजीची तक्रार वेगळी होती: ‘आत दाबलं की दमा होतो म्हणतात, त्याचं काय?’ इसब असलेल्या मुलांत पुढे दमा जास्त दिसतो हे खरे, पण दोन्हींचे मूळ एकच आहे म्हणून; मलमाने इसब छातीत जात नाही.

चौथ्या आठवड्यात मांड्यांवर आणि पाठीवर केसांच्या मुळाशी पुवाचे बारीक पुळे. घर घाबरले, जंतू पसरले म्हणून. कारण जेली होते: ४२ अंशांत, घामावर, दिवसातून चारदा. दिवसा पातळ लोशन आणि जेली फक्त रात्री, केसांच्या दिशेने, न चोळता. आठवड्यात पुळे गेले, अँटिबायोटिकशिवाय. उन्हाळ्यातला हा बदल पहिल्याच चिठ्ठीवर लिहायला हवा.

आठव्या आठवड्यात स्कोरॅड १८, झोप सलग. आणि आईने स्वतःहून बाहेरून करून आणलेला स्वॅब: नाकात स्टॅफ ऑरियस. ‘जंतू गेलेच नाहीत की, डॉक्टर.’ ‘नाही गेले, ताई. त्याची खाज गेली ना? नाकातल्यासाठी औषध नको.’ चांगल्या त्वचेचा स्वॅब करूच नये. त्यातून फक्त पुढची चिठ्ठी निघते. मोमेटासोन आता आठवड्यातून दोन दिवस, जुन्या घड्यांवर, चट्टा नसला तरी. गालांवर टॅक्रोलिमसही तसेच.

ऑगस्टमध्ये चित्र पालटले. ताप १०१, डाव्या पोटरीवर पू, त्वचा गरम आणि दुखरी, हनुवटीवरही मधाळ खपल्या. हा संसर्ग. पुवाचे कल्चर घेऊन त्याच दिवशी सेफॅलेक्सिन: १२५ मि.ग्रॅ. प्रति ५ मि.ली. सिरप, ७ मि.ली. दिवसातून तीनदा, सात दिवस, म्हणजे किलोमागे दिवसाला सुमारे ४० मि.ग्रॅ. मोमेटासोन पुन्हा रोज. बालवाडी २४ तासांनंतर. कल्चरमध्ये स्टॅफसोबत ए गटाचा स्ट्रेप्टोकॉकस निघाला. सेफॅलेक्सिन दोघांवर चालते. स्ट्रेप असल्याने तिसऱ्या आठवड्यात रक्तदाब आणि लघवीत रक्त व प्रथिने तपासली, कारण त्वचेच्या अशा संसर्गानंतर मूत्रपिंडाचा दाह होऊ शकतो. दोन्ही ठीक.

उगम घरातच सापडला. वडिलांच्या मानेवर जुलैत केसतूड झाले होते, वर्षातले तिसरे. मागाच्या उष्म्यात सदरा मानेला घासतो. हे एप्रिलमध्ये विचारलेच गेले नव्हते. आता मात्र घरातल्या चौघांनाही नाकात म्युपिरोसिन, काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे, दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून दोनदा, पाच दिवस, एकाच आठवड्यात. त्याच दिवसांत टॉवेल, उशीचे अभ्रे गरम पाण्यात. एकट्या मुलाला देऊन उपयोग नव्हता, आणि दर महिन्याला देणेही योग्य नाही. म्युपिरोसिनला जंतू सरावले तर हा मार्गही बंद होतो.

नोव्हेंबरपासून दिवसाही जेली, मोमेटासोनचे आठवड्यातले दोन दिवस फेब्रुवारीपर्यंत. आईच्या चिठ्ठीमागे ओपीडीत थेट यायची कारणे लिहून दिली: ताप, पू, दुखणे, एकसारखे खोल व्रण, किंवा तीन दिवस रोज मलम लावूनही न थांबणारी लस. त्याखाली वडिलांसाठी एक ओळ: मानेवर पुन्हा केसतूड आले तर मुलाच्या आधी तुम्ही या.